शंख्यांचा पैसा आणि तेरावं

प्रश्न: ताई नमस्कार. सासूबाईंच्या तेराव्याला आम्ही स्टीलचे डबे वाटले तर पुतण्या म्हणतो काकू कशाला एवढा खर्च, आणि मग स्वतःच सांगतो की पापुआ न्यू गिनीत माणूस गेला की त्याचा साठवलेला पैसाच कापून वाटतात, त्याने व्हिडिओत बघितलं. खरंय का? आणि मग घरच्यांना काय उरतं? – एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर: खरंय. ते लोक तोलाई, न्यू ब्रिटन बेटावर रबाऊलच्या आसपासचे. त्यांचा पैसा म्हणजे ताबू, बारक्या समुद्री शंख्या वेताच्या पट्टीवर ओवलेल्या. माप एकदम सोपं, दोन्ही हात पसरले की एक वाव, आपले कोकणातले कोळी दोरी मोजतात तसंच. बाजारात सुपारी घ्यायची तर छोटा तुकडा तोडून दिला की झालं, सरकारी नोटा पण चालतात, किना म्हणतात त्यांना, दोन्ही एकाच पिशवीत. लग्नात मुलीकडच्यांना ताबू द्यायचा असतो.

पण खरी मजा साठवण्यात आहे. खूप वाव जमले की त्याचं गोल वेटोळं करून वरून पानं गुंडाळतात, मोठं झालं की ट्रकच्या टायरएवढं दिसतं, आणि ते खर्च करायचं नाही, मरणासाठीच ठेवायचं. माणूस गेला की ती चाकं बाहेर काढतात, फोडतात आणि आलेल्यांना तुकडे वाटतात, कोणाला किती ते नात्यावर आणि त्याने आधी काय दिलं होतं त्यावर. म्हणजे उधळपट्टी नाहीये, पक्का हिशोब आहे, फक्त वहीत लिहिलेला नाही. ज्याच्या मागे वाटायला काही नाही त्याची मोठी नाचक्की. माझ्या मते पुतण्याने उदाहरण उलटंच दिलं, ते लोक तर तुम्हाला कंजूस म्हणतील.

आणि हे सगळं चर्चसकट बरं का, तिथे मेथॉडिस्ट मिशन 1875 मध्ये आलं, प्रार्थना पण होते आणि ताबू पण वाटला जातो. मोठ्या माणसाच्या क्रियेला तुबुआन येतो, शंकूसारखा उंच मुखवटा आणि खाली पानांचा गोल घेर, तो बाईचं रूप मानतात पण आत असतो पुरुषच, आणि बायकांनी जवळ जायचं नाही. (यावर मी काही बोलत नाही.)

आता घरच्यांचं. तिथे कूळ आईकडून चालतं, जमीन आईच्या कुळाची, त्यामुळे पुरुषाचे वारस त्याची मुलं नाही, बहिणीची मुलं. बापाला वाटतं आपल्या पोरांनाही काही मिळावं, म्हणून तो जिवंतपणीच त्यांच्या नावे जमिनीची सोय करायला बघतो, आणि मग भाचे येतात भांडायला.