पहिली जुनी अमेरिकन गाडी निवडताना
१९५९ च्या कॅडिलॅकचे मागचे उंच पंख पाहून मन हरखते हे खरे, परंतु पहिली गाडी म्हणून तुम्ही १९५५ ते १९५७ मधील शेव्हरोले घ्यावी, कारण तिचे पत्र्याचे भाग आजही नव्याने बनवले जातात, तर कॅडिलॅकच्या क्रोमपट्ट्या शोधून त्यांना मुलामा देण्यातच बराच पैसा जातो. चकाकत्या रंगावर भुलू नका. गाडी उचलून चासी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि तळाचा पत्रा गंजला आहे का, ते आधी पाहा. त्या काळी चारही ड्रम ब्रेकसाठी तेलाचा एकच मार्ग असे, त्यामुळे एके ठिकाणी गळती झाली तरी सारेच ब्रेक निकामी होत. ब्रेकचे तेल पुढच्या व मागच्या चाकांना दोन स्वतंत्र मार्गांनी पोहोचवणारा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवल्याने गाडीचा अस्सलपणा हरवतो, हे मत मला मुळीच मान्य नाही. पुढे कॅडिलॅक घ्यायचीच झाली, तर तिच्या सुमारे पावणेएकोणीस फूट लांबीला पुरेल असे गॅरेज आधी शोधावे.