डीकनच्या नातवाचा बाप्तिस्मा आणि तुझे बाकीचे प्रश्न

प्रिय मुला,
प्रभूमध्ये सलाम.

तुझा मेसेज मंगळवारी रात्री वाचला आणि मग बराच वेळ झोपच लागली नाही. डीकनचा, म्हणजे मंडळीतल्या सेवक-पुढाऱ्याचा, सहा वर्षांचा नातू, ईस्टरला बाप्तिस्मा द्यायचं घरात ठरलेलं, पाहुण्यांची तिकिटं झालेली, सिनियर पास्टरनी काम तुझ्यावर टाकलेलं, आणि मुलगा अजून स्वतःच्या विश्वासाबद्दल नीट काही बोलतही नाही. वर तू बायकांनी पाळक व्हावं का आणि इलेक्शनचं काय तेही विचारलंयस, पण मला विचारशील तर त्या सगळ्याचं मूळ या पोराच्या बाप्तिस्म्यातच आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

माझा बाप्तिस्मा नगरला झाला, मी पाळण्यात असताना, आईवडिलांनी श्रद्धेनेच दिला. पुढे वचन वाचता वाचता पटत गेलं की आधी विश्वास आणि मग पाणी, आणि एकतिसाव्या वर्षी इथे टेक्सासमध्ये आपल्या बॅप्टिस्ट मंडळीत बाप्तिस्म्यासाठी परत पाण्यात उतरलो. पुलपिटच्या मागे टाकी, त्या रविवारी हीटर बिघडलेला, पांढऱ्या झग्याच्या घेरात वजनं शिवलेली असतात ना, कापड पाण्यावर फुगून वर येऊ नये म्हणून, ती थंड वजनं घोट्याला लागत होती ते अजून आठवतं. पास्टरनी एवढंच विचारलं, तू स्वतः येशूवर विश्वास ठेवला आहेस का. त्या प्रश्नाला माझ्या वतीने दुसरं कुणी उत्तर देऊ शकत नव्हतं. आईला फोनवर सांगितलं तर ती रडली, म्हणाली आम्ही दिलेला खोटा होता का रे. तिला मी धड उत्तर देऊ शकलो नाही आणि ते मला आजही टोचतं, पण पाण्यात उतरलो त्याचा पश्चात्ताप नाही. मिशनरी विल्यम कॅरी, ज्याच्या सेरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला, तोही बाळपणी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झालेला, आणि १७८३ मध्ये नॉर्थॅम्प्टनला नेन नदीत परत बाप्तिस्म्याला उतरला.

आता बघ यातून काय काय निघतं. मंडळी म्हणजे स्वतःहून विश्वास ठेवलेल्यांची, मग तिचा मालक ना बिशप, ना पास्टर, ना सरकार. म्हणून तर बुधवारी रात्री जेवणानंतर बिझनेस मीटिंगला एसीच्या खर्चावरसुद्धा मतदान होतं आणि विधवा म्हातारीच्या हाताला डॉक्टरच्या हाताइतकीच किंमत असते. पण कुणालाही पाण्यात ढकलून सभासद केलं तर हेच मतदान विश्वास न ठेवलेल्यांच्या हातात जातं. आमच्या जुन्या मंडळीत रजिस्टरवरची अर्धी नावं मी कधी पाहिली नव्हती आणि एका मीटिंगला तीच माणसं फक्त पास्टरला काढायला आली. मंडळी त्यानंतर कधी सावरली नाही.

आणि प्रत्येक मंडळीची ही स्वायत्तता ढाल म्हणून वापरू नकोस कधी. २०२२ च्या रिपोर्टमध्ये बाहेर आलं की लैंगिक अत्याचाराचे आरोप झालेल्या सेवकांची, सातशेच्या वर नावांची यादी आपल्या सदर्न बॅप्टिस्ट कन्वेन्शनच्या, म्हणजे मंडळ्यांच्या संघाच्या, ऑफिसात पडून होती आणि पीडितांना वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं की प्रत्येक मंडळी स्वतंत्र आहे, आम्ही काय करणार. हे पाप आहे, दुसरा शब्द नाही. तुझ्याकडे कुणी लेकरू तक्रार घेऊन आलं तर आधी पोलिसांना फोन, मग डीकन बोर्ड.

बायकांच्या प्रश्नावर माझं मत तुला माहीत आहे, बायबलमधल्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रावरून पाळकपद पुरुषांना आहे असं मी मानतो आणि कन्वेन्शनच्या २००० च्या विश्वासपत्रात तेच लिहिलंय. तोच नियम कन्वेन्शनच्या घटनेत घालायचा ठराव २०२४ ला इंडियानापोलिसमध्ये आणि २०२५ ला डॅलसमध्ये दोन तृतीयांशाला कमी पडला, मला वाईट वाटलं. पण हे शिकवताना तुझ्या आवाजात जराही तुच्छता आली तर मला चालणार नाही. दर ख्रिसमसला आपण मिशनसाठी अर्पण गोळा करतो ते लॉटी मूनच्या नावानं, १८७३ पासून चीनमध्ये झिजलेली बाई ती.

इलेक्शनचं म्हणशील तर गर्भातल्या जिवाबद्दल स्पष्ट बोल. गर्भपातावरच्या १९७१ च्या ठरावात आपलेच लोक ढिले होते, मग शुद्धीवर आले. पण उमेदवाराला पुलपिट देऊ नकोस, कितीही आपला वाटला तरी. अठराव्या शतकात व्हर्जिनियात आपल्या बॅप्टिस्ट प्रचारकांना लायसन्स नसताना उपदेश केला म्हणून आत टाकायचे, जेम्स आयर्लंड कलपेपरच्या तुरुंगाच्या गजांमधून उपदेश करायचा, आणि त्याला आत टाकणारे काही नास्तिक नव्हते रे, ते सरकारी चर्चवालेच होते. १८०१ मध्ये डॅनबरीच्या बॅप्टिस्टांनी राष्ट्राध्यक्ष जेफरसनला पत्र लिहिलं ते याच भीतीपोटी. आणि आपण समाजाच्या मागे गेलो की काय होतं तेही बघ, आपलं कन्वेन्शन १८४५ मध्ये ऑगस्टाला उभं राहिलं तेच गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी म्हणून पाठवता यावं म्हणून, आणि माफीचा ठराव व्हायला १९९५ उजाडलं. जो विश्वास पोरावर आजोबा लादू शकत नाही तो सरकार तर अजिबातच लादू शकत नाही, शेजारी हिंदू असो, मुसलमान असो, त्याच्यासाठीही हेच बोलायचं, निवडून आलेला आपला माणूस असला तरी.

तर आता पोराचं. फोनवर नाही म्हणू नकोस, डीकनच्या घरी जा, त्यांच्या ओट्यावर बस. आधी आजोबांशी बोल, त्यांना दुखवू नकोस, त्यांची इच्छा चांगलीच आहे. मग पोराला त्यांच्यासमोरच विचार, येशूने तुझ्यासाठी काय केलं, आणि गप्प बस, आजीला मध्ये उत्तर सुचवू देऊ नकोस. त्याच्या शब्दात काही आलं तर देवाचे आभार मान आणि आणखी काही महिने शिकव, नाही आलं तरी त्याच्यासाठी प्रार्थना करून ये. ईस्टर पुढच्या वर्षीही आहे. तो काय म्हणाला ते मात्र मला त्याच रात्री कळव, मी जागा असेन.

तुझा,
काका