कर्ज काढून चार रात्री की साठवून एक?

नमस्कार ताई,

जपानमधल्या टोकियो डिस्नीसी या थीम पार्कच्या आतच असलेलं मिराकोस्टा हॉटेल, तिथे चार रात्री, तुम्ही चौघं, सगळं मिळून आठ लाख. त्यातले चार लाख साठलेत. उरलेल्या चार लाखांसाठी वैयक्तिक कर्ज घ्यावं की मुलांच्या शिक्षणाची एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) मोडावी, असं तुम्ही कोथरूडहून विचारलंय. माझ्या मते दोन्ही नको. पण सहल मात्र रद्द करू नका.

कर्जाचं आधी उरकतो. चार लाख, १४ टक्के, तीन वर्षं: हप्ता साधारण १३,६७० रुपये आणि व्याजात जाणार सुमारे ९२,००० रुपये. शिक्षणाची एसआयपी मोडायची नाही, यावर मी वाद घालणार नाही. आणीबाणीचा निधी तुम्ही वेगळा ठेवलाय, त्यालाही हात लावू नका.

मला जास्त काळजी वाटली ती पत्रातल्या एका वाक्याची. ‘एवढे पैसे मोजल्यावर मुलांना चार दिवस गोष्टीत राहिल्यासारखं वाटायलाच हवं.’ हे ओझं हॉटेलच्या एका खोलीवर टाकू नका. डिस्नीनेच २०२२ च्या मार्चमध्ये फ्लोरिडात ‘गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’ नावाचं हॉटेल सुरू केलं होतं. दोन रात्री, दोघांना सुमारे ४,८०० डॉलरपासून पुढे. अंतराळयानातल्यासारख्या छोट्या केबिन, खिडकीच्या जागी पडद्यावर दिसणारं अवकाश, आणि पाहुण्यांनी स्वतःच गोष्टीतलं पात्र व्हायचं. पोहण्याचा तलावसुद्धा नव्हता. जे हौसेने पात्रांशी बोलले, कारस्थानांत सामील झाले, ते भारावून परतले. पण या किमतीत ऐसपैस खोली आणि निवांतपणा मिळेल असं ज्यांनी धरलं होतं, त्यांना ती केबिन खुपणारच. सप्टेंबर २०२३ मध्ये ते बंदही झालं.

मिराकोस्टाचं तसं नाही. तिथे कुणी तुम्हाला गोष्टीत ओढत नाही. २००१ पासून चालू असलेलं, इटलीतल्या बंदरगावासारखं बांधलेलं ते एक उत्तम हॉटेल आहे. जादा पैसे मोजायचे ते मुख्यतः खिडकीतून दिसणाऱ्या पार्कातल्या बंदरासाठी, रात्रीचा कार्यक्रम खोलीतून पाहता येतो त्यासाठी आणि सकाळी पार्कात १५ मिनिटं आधी शिरायला मिळतं त्यासाठी. हॉटेलच्या ‘टस्कनी’ नावाच्या बाजूची खोली स्वस्त पडते, पण तिथून बंदर दिसत नाही, म्हणून बुकिंग करताना बाजू विचारूनच घ्या. पार्कातले बहुतेक कार्यक्रम जपानी भाषेत असतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. तुम्ही शाकाहारी आहात, तर साध्या दिसणाऱ्या सुपातही माशाचा अर्क असू शकतो, हेही लक्षात असू द्या. आणि दिवसभर चौघंही पार्कात असणार. मग ८०,००० रुपये रात्रीच्या खोलीत फक्त झोपायला चार वेळा कशाला जायचं?

म्हणून एकच रात्र मिराकोस्टात, बंदराकडच्या खोलीत. बाकी तीन रात्री पार्कजवळच्या माइहामा स्टेशनपाशी साध्या हॉटेलात, रात्रीचे १५,००० धरा. चार रात्रींचे ३,२०,००० होते, ते १,२५,००० वर येतात. सहल सहा लाख पाच हजारांत बसते आणि कमी पडतात दोन लाख पाच हजार. कर्जाचा जो हप्ता भरायची तुमची तयारी होती, तेवढीच रक्कम दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाकली तर १५ महिन्यांत ती जमते. वर व्याज तुम्हाला मिळतं.

थांबण्यात मुलाचाही फायदा आहे. त्याची उंची तुम्ही ११० सेंटीमीटर लिहिली आहे, आणि डिस्नीसीतल्या ‘जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ’सारख्या राइडला किमान ११७ लागते. या वयात मुलं वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतात. आत्ता नेलंत तर त्याला रांगेतूनच परत पाठवतील, आणि ते रडू कुठल्याही खोलीने भरून निघणार नाही. मुलगी तोवर बाराची होईल आणि तिचं तिकीट थोडं महाग पडेल. ते चालवून घ्या.

टूर कंपनीचं पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच कंपनीने गोळा केलेला आगाऊ कर, लागतो. तो बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो. पण तोवर पैसे अडकतात, तेव्हा ती रक्कम बजेटमध्ये वेगळी धरा. येनमधला खर्च क्रेडिट कार्डावर करणार असाल, तर परकीय चलनाचं शुल्क आधी पाहून घ्या, बऱ्याच कार्डांवर ते साडेतीन टक्क्यांपर्यंत जातं.

आवर्ती ठेव पगाराच्या दुसऱ्या दिवसाला लावा. बुकिंग करताना मोफत रद्द करण्याची शेवटची तारीख लिहून घ्या, आणि त्या तारखेला पैसे पूर्ण जमलेले नसतील तर सहल पुढच्या सुट्टीवर ढकला.