परदेशात पीटवर बंदी का आणतायत, आणि नर्सरीत पीट मॉस वापरू की कोकोपीट?

दोन्ही नावांत पीट आहे म्हणून गोंधळ होतो, पण कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि खरं पीट (पीट मॉस त्यातलंच) म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा नि इतर वनस्पतींचा साचलेला थर, जो वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो. म्हणजे मीटरभर खणलं की हजार वर्षांचा साठा गेला! जगाच्या जमिनीपैकी फक्त ३% भाग पीटचा, पण त्यात सगळ्या जंगलांपेक्षा जास्त कार्बन आहे. शेतीसाठी किंवा झाडं लावायला चर काढून पाणी उपसलं की पीटला हवा लागते आणि तो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत उडून जातो. इंडोनेशियात तर २०१५ ला अशा वाळवलेल्या पीटला भयंकर आगी लागल्या, मग २०१६ ला सरकारने पीट पुन्हा ओलं करायला वेगळी संस्थाच काढली. इंग्लंडने २०२२ मध्ये जाहीर केलं की २०२४ पर्यंत घरगुती बागेसाठी पीटची विक्री बंद, पण कायदा काय वेळेत झाला नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आपल्याकडे नाशिकजवळ पिंपळगाव, दिंडोरीकडे टोमॅटोच्या रोपांचे ट्रे कोकोपीटवरच चालतात आणि रोपं झकास येतात, त्यामुळे बाहेरून पीट मागवायची गरजच नाही. फक्त कोकोपीटची दाबलेली वीट भिजवली की पहिलं पाणी चहासारखं लाल निघतं, त्यात क्षार असतात, ते दोन-तीनदा धुऊन काढा, जमलं तर ईसी मीटर (पाण्यातले क्षार मोजायचं यंत्र) लावून बघा, नाहीतर कोवळ्या पानांच्या कडा जळतात.