स्वतःशीच दोन हात

या वेळच्या पत्रांत दोन चित्रपटांची नावं वारंवार आली. एक २००१ चा ‘द वन’. त्यात जेट ली दुसऱ्या विश्वातल्या स्वतःशीच लढतो. दुसरा २०२२ चा ‘एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स’. त्यात लाँड्री चालवणारी मिशेल यो इतर विश्वांतल्या आपल्याच रूपांची कौशल्यं उसनी घेऊन लढते. दोन्ही विज्ञानकथा आणि दोन्हींत कुंग-फू. निवडक प्रश्न घेत आहोत.

प्रश्न : ‘द वन’च्या शेवटच्या मारामारीत दोन्ही जेट ली एकमेकांत मिसळतात. कोण कोणता हे कपडे न बघताही ओळखता येतं, असं माझा मुलगा म्हणतो. मला जमत नाही. नेमकं काय बघायचं?
(एक वाचक, सातारा)

पाय बघा. मुलगा बरोबर सांगतो आहे.

आधी कथा दोन ओळींत. युलॉ हा विश्वाविश्वांमधल्या प्रवासावर पहारा ठेवणाऱ्या यंत्रणेचा माजी अधिकारी. इतर विश्वांतली आपली १२३ रूपं त्याने मारली आहेत आणि प्रत्येक मृत्यूबरोबर त्या रूपाची ताकद उरलेल्यांत वाटली गेली आहे. आता एकच उरला आहे, लॉस एंजेलिसच्या शेरीफ खात्यातला गेब लॉ. म्हणजे दोघांचं शरीर एक, चेहरा एक आणि ताकदही तोडीस तोड. मग फरक दाखवायचा कशात? मारामारीचं दिग्दर्शन करणाऱ्या हाँगकाँगच्या कोरी युएननी तो शैलीत दाखवला. युलॉ शिंगयी लढतो, गेब बाग्वा. या दोन्ही चिनी युद्धकलेच्या शैली.

शिंगयी सरळ रेषेत चालते. उभं राहताना वजन बरंचसं मागच्या पायावर, पुढचा हात नाकाच्या उंचीला, कोपर खाली ओढलेलं. पुढचा पाय टाकला की मागचा अर्धं पाऊल फरफटत त्याच्यामागे येतो आणि पाऊल टेकण्याच्या त्याच क्षणी ठोसा लागतो. हात आणि पाय एकदम पोचले नाहीत तर तो ठोसा नुसता दंडाचा होतो, अंगाचं वजन त्यात उतरत नाही. मूळ ठोसे पाच, आणि त्यांची सांगड धातू, पाणी, लाकूड, अग्नी, माती या पाच तत्त्वांशी घातलेली आहे. पहिला वरून खाली चिरत येतो, दुसरा खालून पिळत वर जातो, तिसरा छातीच्या रेषेत सरळ घुसतो. यात मागे सरणं जवळजवळ नाहीच. समोरचा वार करत असतानाही शिंगयीवाला पुढेच येतो.

बाग्वा वर्तुळात चालते. सराव करणारा साधारण आठ पावलांच्या घेरावर फिरत राहतो. आतला पाय सरळ पडतो, बाहेरचा किंचित आत वळलेला, आणि कंबर पिळून नजर व तळवे वर्तुळाच्या मध्याकडे. पाऊल जमिनीला समांतर सरकतं, टाच आधी टेकत नाही. दिशा बदलायची असेल तेव्हा पायाचे चवडे आत वळवून एक पाऊल, मग बाहेर वळवून दुसरं, एवढ्यात पाठ फिरून समोर येते. मूठ क्वचितच, काम उघड्या तळव्याचं. वार अडवायचा नाही, त्याच्या बाजूला निघून जायचं.

आता तो प्रसंग पुन्हा लावा. जो समोरच्यावर सरळ चालून जातो तो युलॉ. जो कडेने फिरत आत शिरतो तो गेब. ही निवड आम्हाला फार आवडते, कारण परंपरेत या दोन शैली वैरी नाहीत. कित्येक गुरूंनी दोन्ही एकत्र शिकवल्या. त्यांतल्याच सुन लुतांग या चिनी गुरूंनी १९१५ मध्ये शिंगयीवर आणि लगेच १९१६ मध्ये बाग्वावर पुस्तक लिहिलं. एकाच माणसाच्या दोन रूपांना भावंडांसारख्या दोन शैली देणं याहून नेमकं काय असणार? दुःख एवढंच, की चित्रपटात इतरत्र अंगाला बांधलेल्या तारांवरच्या उड्या आणि संगणकी करामतींनी हे पायांचं काम झाकलं जातं.

प्रश्न : ‘एव्हरीथिंग…’मधली कमरेच्या पाऊचची मारामारी कमी पैशांत होऊनही इतकी खणखणीत का वाटते?
(एक वाचक, डोंबिवली)

कारण मारणारा दिसतो, मार लागतो तेही दिसतं, आणि दोन्ही एकाच चौकटीत दिसतं. वार एका तुकड्यात आणि कळवळणारा चेहरा दुसऱ्यात असं केलं की वाराचं वजन हरवतं. इथे पट्टा फिरतो, पाऊच जाऊन आदळतो आणि माणूस पडतो, हे सगळं कॅमेरा अंतर ठेवून अखंड बघतो. दोरीच्या टोकाला वजन बांधून लढण्याची चिनी हत्यारं जुनी आहेत. पाऊच त्यांच्याच नियमांनी चालतो, म्हणजे आधी वेग साठवायचा, मग कोपराला किंवा मानेला वेढा देऊन दिशा बदलायची, मग सोडायचा.

या मारामाऱ्या अँडी ले आणि ब्रायन ले या भावांच्या ‘मार्शल क्लब’ने बसवल्या. हाँगकाँगचे जुने चित्रपट बघून घडलेली ही मुलं. पाऊच फिरवणारा की ह्वी क्वान तर पडद्यामागे मुरलेला माणूस. अभिनयाची कामं मिळेनाशी झाली तेव्हा तो कोरी युएनच्या हाताखाली मारामाऱ्या बसवत होता, आणि ‘द वन’च्या मारामारी चमूतही तो होता. तुम्ही विचारलेले दोन चित्रपट असे एका माणसाने जोडलेले आहेत. ऑस्करमध्ये या चित्रपटाला सात पुरस्कार मिळाले. त्यांत क्वानला साहाय्यक अभिनेत्याचा आणि पॉल रॉजर्सना संकलनाचा होता. दृश्यपरिणाम करणारा मुख्य चमू जेमतेम पाच जणांचा होता.

प्रश्न : आम्ही मर्दानी खेळ करणारी मुलं आहोत. एकच खेळाडू स्वतःशी लढतो अशी दोन मिनिटांची फिल्म करायची आहे. एक साधा कॅमेरा, एक मोबाईल आणि एक ट्रायपॉड आहे. कशी करावी?
(वाचक, कोल्हापूर)

जरूर करा. वर सांगितलेला धडा आधी तुमच्या मातीत लावा, म्हणजे दोन रूपांना दोन वेगळी हत्यारं द्या. एकाला लाठी, दुसऱ्याला फरी-गदगा, म्हणजे ढाल आणि आखूड काठी. लाठीवाला अंतर राखून खेळेल, फरी-गदगेवाला ते अंतर मोडून आत घुसू बघेल. एवढ्याने प्रेक्षकाला कोण कोण ते कळतं आणि झगड्याला कारणही मिळतं. दांडपट्टा मात्र चित्रणात आणू नका. त्याचं पातं लवतं, आणि थकलेल्या हाताने वीतभर अंतर पाळलं जात नाही.

झुंज तीन ते पाच हालचालींच्या तुकड्यांत तोडा. प्रत्येक तुकड्यापुढे लिहा, कुणाचा चेहरा दिसणार. नव्वद टक्के तुकड्यांत एकाच रूपाचा चेहरा लागतो, समोर पाठमोरा जोडीदार उभा राहतो. तो निवडताना उंचीइतकंच खांद्याची रुंदी, मानेचा रंग आणि कान बघा. खांद्यावरून घेतलेल्या चौकटीत सगळ्यात ठळक दिसतो तो पाठमोऱ्याचा कान आणि मानेवरची केसांची रेषा. मुख्य खेळाडूने आणि जोडीदाराने दोघांनीही दोन्ही बाजू पाठ करायच्या. आधी एका रूपाचे सगळे तुकडे संपवा, मग पोशाख बदला. ज्या रूपाला जास्त उड्या आहेत ते सकाळी घ्या. इथे हमखास फसतं ते घामामुळे. सकाळी कोरडा असलेला सदरा दुपारी पाठीला चिकटतो, आणि जोडल्यावर एकाच क्षणी एक रूप ओलं, दुसरं कोरडं दिसतं. प्रत्येक पोशाखाचे तीन जोड ठेवा आणि पाणी फवारायची बाटली. सुरुवातीपासूनच थोडं ओलं ठेवलं की जुळवणी सोपी जाते.

दोन्ही चेहरे एका चौकटीत दाखवणारे तुकडे तीन-चारच ठेवा. ते असे घ्यायचे. ट्रायपॉड रोवा, पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवा. फोकस, उजेड, रंगाचा समतोल सगळं हाताने ठरवून कुलूपबंद करा. मोबाईलवर घेत असाल तर चित्र स्थिर करणारी सोय बंद करा, नाहीतर दोन वेळची चौकट केसभर सरकते आणि जोड उघडा पडतो. आधी दहा सेकंद रिकामी जागा टिपा. मग डावीकडचं रूप, मग उजवीकडचं. ही दोन चित्रं संकलनात जिथे जोडायची ती जोडरेषा दाराच्या चौकटीवर किंवा खांबावर धरा, संकलनात तिची कड थोडी मऊ करा.

जोडरेषा मोडणारी खरी गोष्ट सावली आहे. डावीकडच्याची सावली उजव्या अर्ध्यात पडली की ती मधोमध कापली जाते. म्हणून उजेड वरून किंवा समोरून, किंवा सरळ ढगाळ दिवस. उन्हात घ्यायचंच असेल तर दोन टेकमध्ये पंधरा मिनिटांहून जास्त जाऊ देऊ नका. लाठी रेषा ओलांडणार असेल तर तेवढ्यासाठी वेगळा तुकडा घ्या, ज्यात जोडीदाराचा फक्त हात, त्याच बाहीत, कडेने आत येतो.

नजर चुकली तर सगळी मेहनत पाण्यात. समोर कुणी नसताना माणूस शून्यात बघतो. एका काठीला स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर फडकं बांधून उभी करा, आणि बाहेरून कुणीतरी मोठ्याने अंक मोजा. ‘तीन’ला वार, ‘चार’ला माघार. दोन्ही वेळा तीच मोजणी, त्याच लयीत. आवाज नंतर भरायचाच आहे, म्हणून ओरडायला हरकत नाही.

वार कधीच बाजूने टिपू नका, मधली फट दिसते. कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा मार खाणाऱ्याच्या पाठीमागे असावा, म्हणजे हत्यार भिंगाच्या रेषेत जातं आणि चेहऱ्यापासून वीतभर लांब असूनही लागल्यासारखं दिसतं. बरं, मान झटकायची ती वार पोचल्यावर. आधी झटकली तर खेळाडू लाठीची वाट बघत होता हे कळतं. दोन तुकडे जोडताना वाराच्या शेवटच्या दोन फ्रेम पुढच्या तुकड्यात पुन्हा येऊ द्या. डोळ्याला ती पुनरावृत्ती जाणवत नाही, फटका मात्र जड होतो. पडण्याच्या जागी गाद्या घाला आणि तारेवरची उडी घरी करू नका.

प्रश्न : लाठीचा वेग पडद्यावर कमी दिसतो. आणि स्लो मोशन घेतलं तर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. का?
(तेच वाचक)

वेगासाठी सेकंदाला २५ ऐवजी २२ फ्रेमवर चित्रित करा आणि २५ ने दाखवा. सुमारे १४ टक्के वेग वाढतो. हाँगकाँगमध्ये ही युक्ती सर्रास वापरली गेली आहे. २० च्या खाली गेलात की कापडाची सळसळ आणि केसांची उडी खोटी दिसते, जमिनीवर पडणारा माणूस तर बाहुलीसारखा आपटतो.

लुकलुकण्याचं कारण वीज. आपल्याकडे तिची वारंवारता ५० हर्ट्‌झ, म्हणून जुन्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. मोबाईल १२० फ्रेम घेतो, त्यामुळे प्रत्येक फ्रेमला वेगळा उजेड मिळतो. १०० फ्रेमची सोय असेल तर ती लावा आणि शटर एक शतांश सेकंद ठेवा. नसेल तर स्लो मोशन उन्हात घ्या. २५ फ्रेमच्या साध्या चित्रणाला शटर एक पन्नासांश.

प्रश्न : एका विश्वातला माणूस मेला की त्याची ताकद दुसऱ्यांत जाते, याला विज्ञानात काही आधार आहे का?
(एक वाचक, नागपूर)

नाही. ‘अनेक विश्वां’ची कल्पना ह्यू एव्हरेटने १९५७ मध्ये मांडली. पुंजयांत्रिकीतली (क्वांटम मेकॅनिक्स) प्रत्येक शक्यता आपापल्या शाखेत घडते आणि शाखा वेगळ्या झाल्या की त्या एकमेकींशी व्यवहार करत नाहीत, असा तिचा गाभा. त्यामुळे प्रवासही नाही आणि ताकदीची वाटणीही नाही. शाखांची ठरावीक संख्याही त्यात येत नाही, तर ‘द वन’मध्ये युलॉ आणि गेब धरून १२५ रूपांचा चोख हिशोब आहे. तो नियम कथेसाठी रचलेला आहे, आणि कथा म्हणून उत्तम आहे, कारण प्रत्येक खुनाबरोबर न मारणारा गेबही बलवान होत जातो.

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना लागायची गोळी चाटून जाते आणि पुढचा इतिहासच बदलतो. तिथेही शक्यतांची फूट पुंजयांत्रिकीतून समजावली आहे. गंगाधरपंतांनी त्या दुसऱ्या शाखेत जाऊन येणं ही मात्र लेखकाने घेतलेली मुभा.

प्रश्न : बारा वर्षांच्या मुलीला कोणता दाखवू?
(एक वाचक, पुणे)

‘द वन’. अमेरिकेत त्याला पीजी-१३ प्रमाणपत्र आहे, म्हणजे तेरा वर्षांखालच्यांच्या पालकांना सावधगिरीची सूचना, आणि तो दीड तासाच्या आत संपतो. मारामारी सतत आहे, पण तुम्ही सोबत बसलात तर चालेल. दुसऱ्याला तिथे आर प्रमाणपत्र आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबतच प्रवेश. त्यातले काही विनोद आणि वस्तू मोठ्यांसाठीच आहेत, लांबीही १३९ मिनिटं. तो मुलगी मोठी झाल्यावर बघा.