दोन पगार, एक व्हिसा आणि नऊ लाखांचं घर

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला, भिंतीला भिंत लागलेल्या टाउनहाउसमध्ये राहतो. दोघंही आयटीत, मुलगी सहावीत. नवरा एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीला बांधलेल्या व्हिसावर; मी एच-फोर ईएडीवर, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळालेल्या कामाच्या परवान्यावर. ग्रीन कार्डचा पत्ता नाही. मित्रांची मोठी घरं झाली, आता यालाही नऊ लाख डॉलरचं स्वतंत्र घर हवंय. प्रत्येक वास्तुशांतीहून परतताना गाडीत आमचं वाजतं. मी म्हणते, आपण वस्तूंच्या नादी लागलो. तो म्हणतो, मी डोंबिवलीला दोन खोल्यांत वाढलो, हेच माझं अमेरिकन ड्रीम. कोण बरोबर?

उत्तर: अगं-तुगं करते, रागावू नकोस. आणि आधी बाजू घेते ती तुझ्या नवऱ्याची. दोन खोल्यांत वाढलेल्या माणसाला दार लावून बसता येईल अशी स्वतःची खोली हवीशी वाटली, तर त्याला हाव म्हणू नये. सासू-सासरे येऊन सहा-सहा महिने राहत असतील, तर खाली फुल बाथ असलेली बेडरूम ही चैन नव्हेच. टाउनहाउसचे जिने गुडघे धरून चढणाऱ्या सासूबाईंना विचार.

तुमचं भांडण तसं जुनं आहे. अमेरिकन ड्रीम हे शब्द लोकांच्या तोंडी बसवले इतिहासकार जेम्स ट्रस्लो अ‍ॅडम्स यांनी, १९३१ मध्ये, ऐन मंदीत. हे नुसतं मोटारींचं आणि भरघोस पगाराचं स्वप्न नव्हे, असं त्यांनी तेव्हाच बजावलं होतं. पण जुना काळ फार सोवळा होता असंही समजू नकोस. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ पासून लेविटटाउन ही एकसारख्या, स्वस्त घरांची वसाहत उभी राहिली, तिथली पहिली घरं जेमतेम ७५० चौरस फुटांची. आणि करारात अट अशी की गोऱ्यांखेरीज कुणी तिथे राहू नये.

सगळा दोष हावेवर ढकलायलाही मी तयार नाही. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडलाय: १९४० मध्ये जन्मलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक आईवडिलांपेक्षा जास्त कमावू लागले, १९८० च्या दशकात जन्मलेल्यांपैकी जेमतेम निम्मे. पुष्कळांना ते स्वप्न परवडेनासंच झालं. तुम्हाला परवडतंय, म्हणून तर वाद घालता येतोय.

आता आकडे. नऊ लाखांच्या घराला २० टक्के भरलेत, तर कर्ज ७,२०,००० डॉलर. साडेसहा टक्के व्याज आणि ३० वर्षं धरली तर हप्ता साधारण ४,५५० डॉलर. पहिल्या हप्त्यातले ३,९०० निव्वळ व्याजात जातात, मुद्दल फिटतं साडेसहाशे. वर न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स. राज्याचं सरासरी बिलच वर्षाला १०,००० डॉलरच्या घरात, मोठ्या घराला त्याहून कितीतरी जास्त. आणि कर्ज फिटलं तरी तो काही सुटत नाही. मग इन्शुरन्स, गवत, बर्फ, आणि रिकाम्या खोल्या बऱ्या दिसत नाहीत म्हणून घेतलेलं फर्निचर.

पण मला खरी धास्ती वाटते ती व्हिसाची. पगार तुमचे दोन, पण दोन्ही उभे आहेत त्याच्या एकट्याच्या एच-वन-बीवर. त्याची नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस, आणि तुझा कामाचा परवानाही त्याच्याच स्टेटसला बांधलेला. घाईत घर विकायला निघालं की भाव पाडून मागतात, एजंटचं कमिशन वेगळं. एवढ्या हप्त्याखाली दबलेला माणूस साहेबाला कधी ‘नाही’ म्हणत नाही. मुलीचं गॅदरिंग बुडतं, आई आजारी असताना तिकीट काढायला कचरतो. तुमचं स्वप्न हरवलंच तर ते असं हरवेल, दिवाणखान्यातल्या झुंबरामुळे नाही.

तेव्हा घर घ्या की घेऊ नका हे मी सांगत नाही. सहा महिने एक करून बघा. आत्ताच्या घराचा खर्च आणि नव्या घराचा सगळा खर्च यांतला फरक दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका आणि उरलेल्यात घर चालवा. भारतवारी, मुलीची मराठी शाळा, तुमचे शनिवार-रविवार, यांतलं काय आधी कापलं जातंय ते दोघांनी बघा. खातं त्याच्या हाती दे, म्हणजे तू मोडता घालतेस असं त्याला वाटणार नाही. सहा महिने सुखात गेले तर वास्तुशांतीचं बोलावणं मला नक्की कर. साठलेले पैसे डाउन पेमेंटला उपयोगी येतीलच.

नाही जमलं, तर साडेसहा-सात लाखांतलं, खाली एक बेडरूम असलेलं लहान घर शोधा. अशी जुनी घरं त्या भागात निघतात, फक्त किचन जुनाट असतं म्हणून लोक नाकं मुरडतात. तोवर ओपन हाउसला, म्हणजे विकायची घरं बघायला खुली ठेवतात तिथे, खुशाल जा, पण बँकेचं प्री-अप्रूव्हलचं पत्र एजंटच्या हाती इतक्यात देऊ नका. त्यावरचा आकडा तुम्हाला किती कर्ज मिळेल एवढंच सांगतो, आणि एजंट घरं दाखवतो ती नेमकी त्याच आकड्याची.