पाऊस आला की घरचे इंटरनेट बंद पडते आणि आतल्या खोलीत वेग मिळत नाही : राउटर बदलावा की कंपनी?

आपल्या प्रश्नातील माहिती थोडक्यात अशी आहे : सिंहगड रस्त्यावर चौथ्या मजल्यावरची सदनिका, २०० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन, दिवसातून चार-पाच वेळा आणि पावसात हमखास जाणारे इंटरनेट, आतल्या खोलीत जेमतेम दहा-बारा एमबीपीएसचा वेग, आणि प्रत्येक तक्रारीला मिळणारे ‘राउटर बंद करून पुन्हा चालू करा’ हे उत्तर. अशा स्थितीत नवा महागडा राउटर घ्यावा की कंपनी बदलावी, असे आपण विचारले आहे. पुण्यात अशा जोडण्यांच्या देखभालीचे काम मी बरीच वर्षे केले आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की दोष कोठे आहे हे कळेपर्यंत यांपैकी काहीच करू नये. दोष बाहेरच्या तारेत असेल तर दहा हजारांचा राउटरही त्यावर काही करू शकणार नाही, आणि दोष घरातल्या भिंतींचा असेल तर कंपनी बदलूनही आतल्या खोलीत तोच वेग मिळेल.

आपल्या दोन तक्रारी मला वेगवेगळ्या वाटतात. इंटरनेट मधूनच जाणे ही एक आणि आतल्या खोलीत वेग न मिळणे ही दुसरी. त्या वेगळ्या करण्यासाठी लॅपटॉप लॅन केबलने थेट कंपनीने बसवलेल्या डब्याला, म्हणजे ज्याला आपण मोडेम म्हणतो पण तंत्रज्ञ ओएनटी म्हणतात त्याला, जोडावा, वायफाय बंद करावे आणि वेग मोजावा. लॅपटॉपला लॅनचे छिद्र नसेल तर यूएसबीला जोडायचा छोटा अडॅप्टर मिळतो. केबलवर १८०-१९० एमबीपीएस मिळाले तर बाहेरची लाइन आणि आपला प्लॅन ठीक आहेत, आणि आतल्या खोलीचा प्रश्न पूर्णपणे वायफायचा आहे. केबलवरही नेमके ९४-९५ एमबीपीएसवर काटा अडकत असेल तर जोडणी १०० एमबीपीएसची झाली आहे असे समजावे. गिगाबिट जोडणीसाठी लॅन केबलमधल्या चारही जोड्या शाबूत लागतात आणि एखादी तुटली तर बहुधा दोन्ही बाजूची यंत्रे मुकाट्याने १०० वर उतरतात, किंवा डब्याचे ते छिद्रच १०० एमबीपीएसचे असते. पन्नास-शंभर रुपयांची केबल बदलून सुटणारा हा दोष लोक महिनोन्महिने कंपनीच्या माथी मारत असतात.

आता मधूनच इंटरनेट जाण्याकडे वळू, कारण खरी गुंतागुंत तेथे आहे. पुढच्या वेळी इंटरनेट गेले की डब्याला हात लावण्याआधी त्याचे दिवे पाहा आणि मोबाइलने त्यांचा फोटो काढा. ‘पॉन’ लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असेल तर कंपनीच्या यंत्राशी प्रकाशाचा संपर्क जुळलेला आहे. ‘एलओएस’चा दिवा लाल पेटला किंवा लुकलुकू लागला तर तारेतून येणारा प्रकाश पोहोचत नाही किंवा फारच क्षीण झाला आहे. आणि सगळेच दिवे एकदा विझून पुन्हा पेटत असतील तर डबा स्वतःहून बंद-चालू होत आहे, ज्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे त्याचा १२ व्होल्टचा थकलेला अडॅप्टर. ‘बंद करून चालू करा’ या सल्ल्यावर माझा राग आहे तो यासाठीच. त्याने हा सगळा पुरावा पुसला जातो आणि दोष उद्यासाठी तसाच राहतो.

लाल दिव्याच्या मागे एक आकडा असतो आणि तो आपल्याला घरबसल्या पाहता येतो. डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर एक पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१, आणि त्याखाली नाव व पासवर्ड. ब्राउझरमध्ये तो पत्ता उघडून ‘ऑप्टिकल’ किंवा ‘पॉन’ नावाच्या पानावर गेले की येणाऱ्या प्रकाशाची शक्ती डीबीएम या एककात दिसते. हा आकडा उणे असतो, म्हणजे तो शून्यापासून जितका दूर तितका प्रकाश कमी. आपल्याकडच्या घरगुती फायबरमध्ये सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत तो साधारण उणे ८ ते उणे २७ यांच्या दरम्यान असला पाहिजे, आणि मी स्वतः उणे २५ च्या खाली गेलेली लाइन धोक्यात आहे असे मानतो. हा आकडा कसा बनतो तेही समजून घ्यावे. कंपनीकडून निघालेला प्रकाश समजा अधिक ३ वर निघाला. वाटेत स्प्लिटर तो ३२ घरांत वाटतो, त्यात सुमारे १७ डेसिबल जातात, म्हणजे आकडा तेवढ्याने खाली येतो. चार-पाच किलोमीटर तारेत एक-दीड आणि जोडांमध्ये आणखी एक-दोन जातात. म्हणजे घरी पोहोचताना आकडा उणे १७ च्या आसपास असायला हवा, आणि ६४ घरांत वाटणी असेल तर उणे २० च्या जवळ. ३ डेसिबल कमी झाले की प्रकाश निम्मा होतो, हे लक्षात ठेवले की उणे २० आणि उणे २६ यांतले अंतर किती मोठे आहे हे ध्यानात येईल.

म्हणून माझी विनंती आहे की कोरड्या दिवशी, इंटरनेट नीट चालू असताना, हा आकडा वहीत लिहून ठेवा आणि पाऊस सुरू झाला की पुन्हा पाहा.

पावसाबद्दल माझा स्वतःच्या घरचा अनुभव सांगतो, कारण तो आपल्या वर्णनाशी फार जुळतो. मी कर्वेनगरला राहत असताना जून लागला की इंटरनेट जायचे. दोनदा तंत्रज्ञ आले, पण ते येत तेव्हा पाऊस थांबलेला असे आणि सगळे सुरळीत असे. मी पावसात आकडा पाहिला तर उणे २८.५ होता, आणि ऊन पडल्यावर तोच उणे २०.५. आठ डेसिबलचा फरक म्हणजे प्रकाश सहाव्या हिश्शाएवढा उरलेला. बाहेर गच्चीपर्यंतचे जोड तपासले, त्यांत पाणी नव्हते. शेवटी एका कोरड्या संध्याकाळी पत्नीने धुळीमुळे खिडकी लावली आणि पॉनचा दिवा लगेच लुकलुकू लागला. तार सरकत्या खिडकीच्या रुळावरून आत घेतलेली होती; पावसात आम्ही खिडकी बंद करत होतो आणि तिची चौकट तार तीव्र कोनात वाकवत होती. चौकटीशेजारी भिंतीला छोटे छिद्र पाडून तार तिथून घेतली आणि तो विषय संपला. आपल्या घरी तार कोठून आत येते, हे कृपा करून सर्वांत आधी पाहा. तारेचे वळण फार लहान झाले की प्रकाश काचेतून बाहेर निसटतो. घरात वापरायच्या वळणसहिष्णु तारेला साडेसात मिलिमीटर त्रिज्येचे वळण चालते, साध्या तारेला त्याच्या चौपट लागते. म्हणून उरलेली तार घट्ट गुंडाळून रबरबँड लावणे किंवा टीव्हीच्या कपाटामागे दाबून ठेवणे टाळावे.

तारेतल्या काचेला पावसाचे काही होत नाही. होते ते जोडांना. पुण्यात बऱ्याच तारा झाडांवरून, विजेच्या खांबांवरून आणि एका इमारतीच्या गच्चीवरून दुसरीच्या गच्चीवर ओढलेल्या असतात. वाऱ्यात फांदी हलली की तार ताणली जाते, जोडाच्या डबीचे झाकण नीट लावलेले नसले की आत पाणी शिरते, आणि कधी खारी वरचे आवरण कुरतडतात. खिडकी निर्दोष असूनही पावसात आकडा पडत असेल तर दोष अशा ठिकाणी आहे आणि तो शोधणे कंपनीचे काम आहे. तंत्रज्ञ आला की त्याला प्रकाश मोजणारा पॉवर मीटर १४९० नॅनोमीटरवर, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीवर, लावून दोन ठिकाणी मोजायला सांगा : इमारतीतल्या स्प्लिटरच्या तोंडाशी आणि आपल्या घरातल्या टोकाशी. दोन आकड्यांत एक-दोन डेसिबलपेक्षा जास्त फरक आला तर दोष त्या दरम्यानच्या तारेत आहे. दोन्ही सारखेच वाईट असतील तर तो इमारतीच्या बाहेर आहे. तारेच्या हिरव्या टोपणाचे टोक तिरके घासलेले असते आणि निळ्याचे सरळ, ती एकमेकांशी नीट जुळत नाहीत, त्यामुळे हिरवे निळ्यात खुपसलेले दिसले तर तेही सांगा. स्वतः मात्र तारेचे टोक उघडून त्यात डोकावू नका, कारण आतला प्रकाश दिसत नसला तरी डोळ्याला अपायकारक ठरू शकतो, आणि ते टोक शर्टाने पुसूही नका.

दिवे हिरवे आणि आकडा चांगला असूनही इंटरनेट गेले, तर दोष पुढच्या टप्प्यात आहे. केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर आज्ञा टाइप करायच्या (कमांड प्रॉम्प्टच्या) दोन खिडक्या उघडाव्यात. एकीत ‘पिंग’ ही समोरचे यंत्र उत्तर देते का ते पाहणारी आज्ञा घरच्या डब्याला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला, आणि दुसरीत ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला सतत चालू ठेवावी. पहिली उत्तरे देत राहिली आणि दुसरी थांबली तर डब्यापलीकडे खोळंबा आहे. दोन्ही थांबल्या तर डबा, केबल किंवा अडॅप्टर यांपैकी काहीतरी बिघडले आहे. दोन्ही चालू असून संकेतस्थळे उघडत नसतील तर डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकड्यांतला पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा, पत्ता बदलून पाहावा; हे दोन मिनिटांचे काम आहे.

गुरुवारीही एक गोष्ट तपासता येईल. आपल्याकडे अनेक भागांत त्या दिवशी देखभालीसाठी वीज बंद असते. आपला डबा इन्व्हर्टरवर असूनही वीज जाताच इंटरनेट जात असेल तर वाटेत कोठेतरी विजेवर चालणारा स्विच आहे आणि त्याला बॅटरी नाही. स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे निव्वळ जीपॉन असेल तर असे व्हायला नको.

एक इशारा : डब्याच्या मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून रिसेट करू नका. त्याने लॉगिनचे नाव, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (कंपनीच्या जाळ्यातली आपली वाट ठरवणारा) क्रमांक पुसला जातो, आणि मग ती माहिती कंपनीकडून मिळेपर्यंत जे थोडेफार चालत होते तेही बंद होते.

आता आतली खोली. दहा-बारा एमबीपीएस हा आकडा मला वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या गर्दीचा वाटतो. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल फक्त १, ६ आणि ११ अशी तीनच आहेत, आणि आपल्यासारख्या सोसायटीत मोबाइलवर वीस-पंचवीस शेजाऱ्यांची नावे सहज दिसतात. ती सगळी घरे या तीन वाटांवर दाटीवाटीने चालतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर आहे, पण त्या लहरी भिंतीत लवकर क्षीण होतात. विटांच्या एका भिंतीतून त्या जातात. काँक्रीटचा खांब, लोखंडी कपाट किंवा आरशाचे कपाट आडवे आले की मात्र अडखळतात. वाकड-हिंजवडीच्या नव्या इमारतींत आतल्या भिंतीसुद्धा मायवान पद्धतीने काँक्रीटच्या ओतलेल्या असतात, आणि तेथे एका राउटरवर तीन खोल्या चालवणे जवळपास अशक्य असते. मोबाइलवरच्या वायफाय अ‍ॅनालायझरने पलंगाजवळ उभे राहून ताकद पाहा : उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगली असेल तर व्हिडिओ कॉल नीट चालतात, उणे ८० ला काहीच नीट चालत नाही.

आधी डबा टीव्हीच्या मागून काढून खांद्याएवढ्या उंचीवर, मोकळ्यात ठेवून पाहा. तेवढ्याने भागले नाही तर माझी ठाम शिफारस अशी की ओएनटीपासून आतल्या मार्गिकेपर्यंत कॅट ६ जातीची लॅन केबल ओढा, शक्यतो विजेच्या तारांच्या नळीतून न नेता, आणि तिच्या टोकाला एक साधा राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ म्हणून, म्हणजे फक्त वायफाय देण्यासाठी, लावा. बाजारातला रिपीटर त्याच हवेतून ऐकतो आणि त्याच हवेतून पुढे बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. दोन हजारांच्या केबल-राउटरने जे होते ते बिनतारी जाळ्याच्या (मेशच्या) महागड्या संचाने कित्येकदा होत नाही, कारण त्यालाही शेवटी तीच भिंत ओलांडायची असते.

आपल्या इमारतीत अजून तांब्याच्या टेलिफोन तारेवर कोणाचे ब्रॉडबँड असेल तर त्यांच्यासाठी वेगळी खूण आहे : फोनमध्ये खरखर ऐकू येत असेल तर जोड गंजला आहे, आणि ती खरखर गेल्याशिवाय इंटरनेटही स्थिर होणार नाही.

कंपनीशी बोलताना ‘नेट चालत नाही’ एवढेच न सांगता तारीख, वेळ, दिव्यांचा फोटो आणि डीबीएमचा आकडा द्या, आणि प्रत्येक वेळी तक्रारीचा डॉकेट क्रमांक घ्या. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार केंद्राच्या वर अपील प्राधिकारी ठेवावा लागतो. तक्रार केंद्राने केलेल्या निवारणाने समाधान झाले नाही तर ३० दिवसांत त्याच्याकडे शुल्काशिवाय अपील करता येते, आणि तेथे वहीतले हे आकडे उपयोगी पडतात. ‘पाऊस पडला की जाते’ यावर कोणीही वाद घालू शकतो, पण ‘कोरड्या दिवशी उणे २०, पावसात उणे २८, स्प्लिटरच्या तोंडाशीही उणे २७’ यावर तंत्रज्ञाला खांबावर चढावेच लागते.

आधी खिडकी उघडी आणि बंद असतानाचे दोन आकडे घ्या आणि येथे कळवा. त्यांत फरक आला तर तार आत कोठून घ्यावी ते मी सविस्तर सांगेन.